लुळा पाय शोधला, सैल मान राहून गेली

खानदेशात, जळगाव जिल्ह्यातल्या जामनेर तालुक्यात घरात बाळ जन्मलं की वर्षभर सगळ्या गल्लीचं लक्ष त्याच्याकडे असतं. पाचवीला सटवाई पुजली जाते, बाराव्या दिवशी पाळणा होतो, संक्रांतीच्या सुमारास बोरन्हाण होतं. भेटायला येणारी प्रत्येक बाई एखादा प्रश्न विचारून जाते. मान धरली का? पालथं पडतं का? बसायला लागलं का? या प्रश्नांमागे पिढ्यांचं निरीक्षण आहे आणि ते बहुधा अचूक असतं. अडचण येते ती उत्तर ‘नाही’ असेल तेव्हा. मग सल्ला मिळतो, ‘थांबा, होईल. याचा बाप पण दीड वर्षाचा झाल्यावरच चालला होता.’ पुष्कळदा तसं होतंही. पण काही बाळांच्या बाबतीत ते थांबणं आयुष्यभराचं नुकसान करून जातं. म्हणून आज हा विषय मांडायचा आहे. मुलाचा पाय अचानक लुळा पडला तर काय करायचं, हे पोलिओच्या काळात आपण पक्कं शिकलो. जन्मापासून सैल असलेल्या बाळासाठी मात्र ती शिस्त आपण अजून वापरलेली नाही.

आधी हा सैलपणा म्हणजे काय ते पाहू. निरोगी स्नायू विश्रांतीतही थोडा ताणलेला असतो. त्या ताणामुळे नवजात बाळाचे हातपाय आखडून पोटाशी राहतात आणि उचलताना ते हातात सावरून बसतं. हा ताण कमी असला की बाळ पाठीवर बेडकासारखे पाय पसरून पडतं, काखेत धरून उचललं तर हातांतून निसटतं, दूध ओढताना दमतं, रडणं क्षीण येतं. डॉक्टर त्याला ‘टोन कमी आहे’ असं म्हणतात. हा स्वतंत्र आजार नाही, खूण आहे. मूळ मेंदूत असेल, मज्जारज्जूत असेल, स्नायूत असेल, रक्तातल्या एखाद्या घटकाच्या कमतरतेत असेल. काही बाळांत सांध्यांच्या ढिलेपणापलीकडे काहीच नसतं आणि ती यथावकाश धावू लागतात. म्हणूनच नुसत्या अंदाजावर ना घाबरावं, ना निर्धास्त व्हावं.

आईबापांची ही काळजी नवी नाही. बालरोगांवरच्या काश्यपसंहिता या प्राचीन ग्रंथात ‘फक्क’ नावाच्या रोगाचं वर्णन आहे. वर्ष पुरं झालं तरी जे मूल पायांनी चालत नाही, ते फक्क. या ग्रंथाची खंडित प्रत नेपाळात सापडली आणि १९३८ मध्ये ती छापून प्रसिद्ध झाली. फक्काचे तीन प्रकार तिथे सांगितले आहेत. एक आईच्या दूषित दुधामुळे होणारा, दुसरा आई पुन्हा गरोदर राहून बाळाचं दूध तुटल्यामुळे होणारा, तिसरा अन्य रोगामुळे होणारा. उपचारांत औषधी तुपाबरोबर तीन चाकांचा लाकडी रथ सांगितला आहे, ज्याला धरून मुलाने चालण्याचा सराव करावा. आपल्या घरांतला पांगुळगाडा याच जातीचा. त्या वैद्यांना जीवनसत्त्वं ठाऊक नव्हती, जनुकं ठाऊक नव्हती. तरी त्यांनी तीन गोष्टी नेमक्या केल्या. वयाची मर्यादा ठरवली, कारणांची वर्गवारी केली आणि मुलाच्या पायांच्या दुबळेपणाचं कारण आईच्या पोषणातही शोधलं.

पुढच्या शतकांत हा धागा सुटला. त्याचं एक कारण मृत्यू. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार बाळांतली दोनशेहून अधिक बाळं पहिला वाढदिवस पाहत नसत. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १८९९-१९०० चा दुष्काळ, मग प्लेगच्या लाटा, हे सगळं खानदेशाने सोसलं. बाळ जगेल की नाही हाच प्रश्न असताना ते मान कधी धरेल हे कोण विचारणार? अशक्त बाळ पहिल्या पावसाळ्यातच न्यूमोनियाने जाई. जे टिके, त्याचं भविष्य सटवाईने कपाळी लिहिलेलं मानलं जाई. सप्तशृंगीला, मनुदेवीला नवस बोलले जात. आणि दोष बहुतेक वेळा आईच्या पदरात पडे. ग्रहणात विळी हातात घेतली असेल, काहीतरी ओलांडून गेली असेल, पथ्य मोडलं असेल.

२०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा बालमृत्यूदर हजारी १६ होता. ही मोठी मजल आहे. मात्र तिच्याबरोबर एक नवी जबाबदारी आली. पूर्वी जी बाळं पहिल्या आठवड्यात गेली असती, ती आज काचेच्या पेटीतून जगून घरी येतात. कमी दिवसांची, दीड-दोन किलोची, जन्मताच न रडलेली. त्यांतल्या काहींच्या स्नायूंना आणि मेंदूला पुढे मदत लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. सुधा चौधरी यांनी हे लवकर ओळखलं. १९८७ पासून त्यांनी दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांची नोंद ठेवली आणि ती मुलं मोठी होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. बाळ वाचवणं हे निम्मं काम, हा त्या अभ्यासाचा धडा आहे.

आधुनिक वैद्यकाला या खुणेचा उलगडा करायला शतकाहून अधिक काळ लागला. लंडनच्या विल्यम लिटल यांनी १८६१ मध्ये अवघड बाळंतपण आणि मुलाच्या हालचालींतले दोष यांचा संबंध मांडला. आज ज्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, त्याचं ते आरंभीचं वर्णन. मोठेपणी हातपाय कडक झालेली यांतली पुष्कळ मुलं तान्हेपणी सैल होती, हे पुढे लक्षात आलं. १८६६ मध्ये जॉन लँग्डन डाउन यांनी त्यांच्या नावाने ओळखला जाणारा डाउन सिंड्रोम नोंदवला. त्याचं मूळ एका जादा गुणसूत्रात आहे हे १९५९ मध्ये समजलं. १८९० च्या दशकात वेर्डनिग आणि हॉफमान यांनी मज्जारज्जूतल्या पेशी मरत गेल्याने दुबळ्या होणाऱ्या बाळांचा आजार दाखवला. तोच आजचा स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी, म्हणजे एसएमए. १९६९ मध्ये व्हिक्टर डुबोविट्झ यांनी सैल बाळावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. बाळाला केवळ हातात धरून, उचलून, पालथं तोलून कितीतरी निदान करता येतं, हे त्या पुस्तकाने डॉक्टरांना शिकवलं.

आपल्या बाळांसाठी मोजपट्टी मात्र आपल्याकडेच तयार झाली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांचा अभ्यास केला आणि १९७० मध्ये विकासाची मापं ठरवली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी करून २००६ मध्ये वयाच्या मर्यादा जाहीर केल्या. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांत, एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत. या आकड्यांत आईबापांसाठी मोठा दिलासा आहे. शेजारचं बाळ दहाव्या महिन्यात चाललं आणि आपलं पंधराव्यात, तर बिघडलं काही नाही. त्या पाहणीतली शंभरातली चार मुलं हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. पण मर्यादेला शेवटही असतो. पाचव्या महिन्यात मान डळमळत असेल, दहाव्या महिन्यात बसता येत नसेल, दीड वर्षात चालता येत नसेल तर ‘होईल’ म्हणून सोडून देण्याची वेळ संपलेली असते. आणि जे येत होतं तेच बाळ विसरू लागलं, तर एक दिवसही थांबू नये.

आता पोलिओकडे वळू. १९४० च्या दशकात मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या तीन वर्षांच्या मुलीला पोलिओ झाला. व्यायामोपचारांनी मुलीच्या पायांत जोर येऊ शकतो हे त्यांनी अनुभवलं आणि १९४७ मध्ये इतर मुलांसाठी मुंबईत उपचार केंद्र सुरू केलं. १९५० च्या दशकाच्या आरंभी परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं प्रशिक्षण सुरू झालं, तेही पोलिओच्या साथीमुळेच. भारतातल्या फिजिओथेरपीची पायाभरणी अशी लुळ्या पायांनी केली आणि तिच्या आरंभी एक आई उभी आहे.

पुढची गोष्ट बहुतेकांना आठवते. ९ डिसेंबर १९९५ पासून देशभर पल्स पोलिओ सुरू झाला. एसटी स्टँडवर, अंगणवाडीत, ऊसतोडीच्या फडावर आणि वीटभट्टीवर जाऊन थेंब पाजले गेले, करंगळीला शाई लागली. त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेलं एक काम १९९७ पासून चाललं. पंधरा वर्षांखालच्या कोणत्याही मुलाचा हात वा पाय अचानक लुळा पडला की त्याची नोंद करायची, चौदा दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने घ्यायचे, थंड पेटीतून प्रयोगशाळेत पाठवायचे आणि साठ दिवसांनी मुलाला पुन्हा तपासायचं. कारण पोलिओ वाटो न वाटो, कळवायचंच. गावातल्या खाजगी डॉक्टरालाही ते लागू होतं. या कामाची कसोटीही विलक्षण होती. पोलिओ नसलेल्या लुळेपणाची दर लाख मुलांमागे किमान एक नोंद ज्या भागात झाली नाही, तिथे आजार नाही असं न मानता तिथे शोध नीट होत नाही असं मानलं जाई. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त ठरला.

ही शिस्त ज्या आशाताईंनी, परिचारिकांनी आणि अंगणवाडीसेविकांनी पाळली, त्याच आजही गावोगावी फिरत आहेत. शासनाच्या आराखड्यातही सैल बाळासाठी जागा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांकडून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन दाखवली. त्यांचा १९९९ चा अभ्यास जगभर गाजला. त्याच धर्तीवर २०११ पासून आशाताई पहिल्या बेचाळीस दिवसांत बाळाच्या घरी सहा-सात वेळा जातात. २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यांतल्या भेटींची भर पडली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात, आणि विकासातला विलंब त्यांच्या यादीत आहे. माता व बाल संरक्षण कार्डावर कोणत्या महिन्यात बाळाने काय करावं याची चित्रं छापलेली आहेत.

मग साखळी तुटते कुठे? एक तर भेटीत वजन, लस आणि वरचं अन्न यांची नोंद होते, पण बाळाला उचलून मान पाहिली जाईलच असं नाही. दुसरं, शंका आली तरी ती तारीख घालून कुठे पाठवली जात नाही. पोलिओच्या वेळी ‘चौदा दिवस’ हा आकडा होता. इथे तसा कोणताही आकडा नाही. तिसरं, फिजिओथेरपिस्टसह उपचारांचा संच आराखड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. जळगावला २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, ही जिल्ह्यासाठी मोठी गोष्ट झाली. पण शेंदुर्णी किंवा फत्तेपूरच्या आईला सैल बाळ कडेवर घेऊन आठवड्यातून दोनदा जळगाव गाठायचं तर त्या दिवसाची मजुरी जाते, घरातलं दुसरं मूल शेजारी ठेवावं लागतं. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण बुडालेली मजुरी त्याने भरून निघत नाही. अशा घरांत दोन-तीन फेऱ्यांत उपचार सुटले तर दोष आईला देता येणार नाही.

वेळ का महत्त्वाची, याची दोन उदाहरणं घेऊ. पहिलं थायरॉइडचं. काही बाळांची थायरॉइड ग्रंथी जन्मापासूनच काम करत नाही. अशी बाळं झोपाळू असतात, कमी रडतात, त्यांची कावीळ लांबते, पोट साफ होत नाही, अंग सैल आणि गार असतं. घरातले कौतुकाने म्हणतात, ‘आमचं बाळ फार शांत.’ टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून हा आजार कळतो, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत स्वस्त गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखंच वाढतं. वर्षभर उशीर झाला तर बुद्धीची हानी भरून येत नाही. गोव्याने २००८ मध्ये सरकारी पातळीवर नवजात बाळांची अशी तपासणी सुरू करून दाखवली होती. खानदेशातल्या प्रत्येक बाळंतपणाला ही तपासणी मिळायलाच हवी.

दुसरं उदाहरण आपल्या ताटाशी जोडलेलं आहे. १९५७ मध्ये आणि पुन्हा १९६२ मध्ये भारतातल्या डॉक्टरांनी एक चित्र नोंदवलं. केवळ अंगावर पिणारं, दिसायला गुबगुबीत बाळ सहा-आठ महिन्यांनंतर फिकं पडतं, हसणं विसरतं, धरलेली मान सोडतं, बोटांची पेरं काळवंडतात, पुढे हातपाय थरथरू लागतात. वेल्लोरच्या १९६२ च्या अभ्यासाने त्याचं मूळ बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत दाखवलं, आणि ती कमतरता आईतून दुधात उतरलेली होती. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला, त्यांतही निम्म्याहून अधिक जणींत बी-१२ कमी आढळलं. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतच असतं. खानदेशात माळकरी घरं पुष्कळ. दूध डेअरीला जातं, उरलेलं पुरुषांच्या आणि मुलांच्या पेल्यात, सुनेच्या वाट्याला चहापुरतं. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, मेथी आवर्जून देतात. त्यांत ताकद आहे, पण बी-१२ नाही. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीतही ते नाही. आणि या आजारावरचा उपाय बी-१२ ची साधी इंजेक्शनं आहेत. वेळेवर दिली तर काही दिवसांतच बाळ पुन्हा डोळे भरून पाहू लागतं. आईच्या दुधातून होणारा फक्क काश्यपसंहितेने सांगितला होता. आज त्याचं कारण आपल्याला ठाऊक आहे, औषध हाताशी आहे, आणि तरीही बाळ उशिरा पोचतं.

दुर्मिळ आजारांचा प्रश्न निराळा आहे. एसएमएच्या बाळाचे डोळे तेजस्वी असतात, चेहरा बोलका असतो, पण पाय हलत नाहीत. मुंबईतल्या अशाच एका बाळाच्या १६ कोटी रुपयांच्या जनुकीय औषधासाठी २०२१ मध्ये लोकवर्गणी उभी राहिली आणि केंद्र सरकारने त्यावरचे कर माफ केले, तेव्हा महाराष्ट्रभर या आजाराचं नाव पोचलं. त्याच वर्षी दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आलं. २०२२ मध्ये त्यातल्या मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत गेली, आणि मुंबईचं केईएम त्यातल्या विशेष केंद्रांपैकी एक आहे. ही औषधं जितक्या लवकर मिळतात तितकी जास्त उपयोगी पडतात, कारण मेलेली चेतापेशी परत येत नाही. औषध परवडलं नाही तरी निदान व्यर्थ जात नाही. श्वासाची काळजी घेता येते, आणि पुढच्या गरोदरपणाआधी सल्ला मिळतो. हा आजार बहुतेक वेळा आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्याने होतो, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात ती शक्यता चारात एक असते. जवळच्या नात्यांत सोयरिकी होतात तिथे ही शक्यता वाढते. सुनेला एकटीला दोषी धरणाऱ्या प्रत्येक घराने हे समजून घ्यावं.

तेव्हा करायचं काय? जामनेरच्या उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस वाढीच्या तपासणीसाठी राखून ठेवावा आणि त्या दिवशी फिजिओथेरपिस्ट जळगावहून तालुक्याला यावा. पहूर, नेरी, शेंदुर्णीच्या आयांनी जळगावला हेलपाटे घालण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे. आशाताईंच्या तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यांच्या भेटींत बाळाला उचलून मान पाहणं सक्तीचं व्हावं, आणि शंका आली तर चौदा दिवसांत डॉक्टरांची तपासणी झालीच पाहिजे असा नियम असावा. तालुक्यातून वर्षभरात एकही सैल बाळ कळवलं गेलं नाही तर पोलिओच्या कसोटीप्रमाणे शोध अपुरा मानावा. गरोदर बाईच्या तपासणीत बी-१२ चा विचार व्हावा. मालिश करणाऱ्या बायकांनाही या कामात सामील करावं. रोज बाळाचं अंग हाताखाली असल्याने सैलपणा त्यांना सगळ्यांत आधी जाणवतो. सैल बाळाला पायाला धरून उलटं लटकवू नये आणि हातपाय ताणू नयेत, हे त्यांना शिकवलं तर इजाही टळेल. मूल खरोखर दिव्यांग ठरलं तर २०१६ च्या कायद्याने दिलेलं प्रमाणपत्र आणि सवलती त्याला घरबसल्या मिळाव्यात. त्यासाठी बापाने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवू नयेत.

आईबापांना सांगणं एवढंच. कार्डावरची चित्रं महिन्याला एकदा बाळाशी ताडून पाहा. बाळ जागं असताना, तुमच्या डोळ्यांसमोर, रोज थोडा वेळ त्याला पालथं ठेवा. शंका आली तर मोबाइलवर बाळाची हालचाल टिपून डॉक्टरांना दाखवा, आणि ‘थांबा’ एवढंच उत्तर मिळालं तर किती दिवस थांबायचं आणि पुन्हा कधी दाखवायचं हे विचारल्याशिवाय उठू नका. नवस बोलायचा असेल तर बोला, पण बाळाला घेऊन दवाखान्यात आधी जा.

पोलिओ हटवताना आपल्याकडे आजच्याहून कमी साधनं होती. जास्त होता तो निश्चय, की एकही लुळा पाय नोंदीवाचून राहणार नाही. जामनेरच्या प्रत्येक सैल मानेचा त्या निश्चयावर तेवढाच हक्क आहे.